चोरी झाली की आधी अलार्मवाला

मी चोरीचे अलार्म बसवतो. मे महिना होता. सकाळचे सहाही वाजले नव्हते आणि मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका आडत्याचा फोन आला. "तुमचं मशीन वाजलंच नाही ओ रात्री," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. गोदामावर पोचलो तर मागचा एक पत्रा उचकटलेला, खाली सांडलेल्या सोयाबीनवर चिमण्या जमलेल्या आणि आत थप्पीला मोठी खिंड पडलेली. चाळीस कट्टे, म्हणजे पोती, गेली होती. शटरचा सेन्सर जसाच्या तसा होता, पॅनलचा, म्हणजे मशीनच्या मुख्य डब्याचा, हिरवा दिवा चालू, बॅटरी भरलेली. चोर शटरकडे फिरकलेच नव्हते.

आठच्या सुमारास पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं, तेही फोनवर. मला वाटलं, मशीनची माहिती हवी असेल. बाकावर बसवलं ते संध्याकाळी पाचपर्यंत. प्रश्न एकच, फिरवून फिरवून विचारलेला : सेन्सर कुठे आहे आणि कुठे नाही, हे कोणाकोणाला माहीत होतं? खरं उत्तर होतं, मला आणि माझ्याकडच्या पोराला. त्याला दुसऱ्या खोलीत बसवलं होतं. एकवीस वर्षांचं, आयटीआय झालेलं, घोड्यावर, म्हणजे उभ्या शिडीवर, चढून दिवसभर ड्रिल चालवणारं पोर. त्याची आई ठाण्याबाहेर लिंबाखाली दिवसभर बसून होती. सव्वा महिन्याने चोर सापडले. परजिल्ह्यातली टोळी निघाली. आम्हाला कोणी कळवलं नाही, पेपरात वाचलं. तोवर चार पार्ट्यांनी, म्हणजे गिऱ्हाइकांनी, त्यांची कामं दुसऱ्याला देऊन टाकली होती. पोराने हा धंदा सोडला, पुण्याला गेला, तिथे घरोघर पार्सल पोचवतो. हाताला कसब असलेला असा मुलगा मला नंतर मिळाला नाही.

पोलिसांनी तो प्रश्न विचारला याचा मला राग नाही. तपास करणाऱ्याने तो विचारलाच पाहिजे. राग आहे तो वेगळ्या गोष्टीचा. त्या दिवशी मी साक्षीदार होतो, तज्ज्ञ होतो की संशयित, हे ठाण्यातल्या कोणालाच सांगता आलं नसतं. कायद्यानेही ते कुठे लिहून ठेवलेलं नाही. साक्षीदाराला बोलवायचं तर लेखी आदेश लागतो, ही जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली तरतूद नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. माझ्या हातात कागदाचा कपटाही नव्हता. मीही मागितला नाही, कारण मागायचा असतो हे माहीतच नव्हतं.

आता ते मशीन का वाजलं नाही, ते सांगतो. पुढचं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे.

गोदामात मी एक मोशन सेन्सर लावला होता. त्याला माणूस दिसत नाही, त्याला ऊब कळते. समोरच्या भिंतीच्या आणि हलणाऱ्या अंगाच्या उष्णतेत जो फरक पडतो, तो टिपून तो पॅनलला खबर देतो. डिसेंबरात परभणीची थंडी असते तेव्हा हा फरक मोठा असतो आणि मांजर गेलं तरी हूटर बोंबलतो. पण मे महिन्यात दिवसभर बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत तापलेला पत्रा रात्री दोन वाजताही निवलेला नसतो. बंद गोदामातली हवा, थप्पी, भिंत आणि माणसाची कातडी जवळपास सारख्याच उष्णतेची होऊन बसतात. सेन्सर चालू असतो, पण त्याच्या लेखी समोर काही हलतच नाही. यावर इलाज आहे. उष्णता किंवा सूक्ष्मलहरी, दोहोंपैकी एकानेही हालचाल कळली तरी खबर देणारा दुहेरी सेन्सर मिळतो आणि मागच्या पत्र्याला कंपन ओळखणारा सेन्सर लावता येतो. मी दोन्ही सांगितले होते. "एकच बसवा, बाकीचं पुढच्या सुगीला बघू," असं उत्तर मिळालं. हे सगळं चहा पिता पिता, तोंडी. कागदावर होती ती फक्त साडेअकरा हजारांची कच्ची पावती.

त्या पावतीवर मी काय विकलं होतं? आडत्यांच्या मते चोरी होणार नाही याची हमी. माझ्या मते एक पॅनल, एक शटर सेन्सर, एक मोशन सेन्सर, एक हूटर आणि मजुरी. नुकसान लाखाच्या वर गेलेलं होतं आणि भरपाई त्यांनी माझ्याकडे मागितली. मला त्या कामात सुटले होते दोन हजार.

या धंद्यातला सगळ्यात मोठा प्रश्न मला हा वाटतो. वस्तू विकणाऱ्याने किती जोखीम डोक्यावर घ्यायची? बँकेच्या लॉकरचं उदाहरण घ्या. सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी अमिताभ दासगुप्ता यांच्या खटल्यात बँकांना सुनावलं की लॉकरबाबत हात झटकता येणार नाहीत, आणि रिझर्व्ह बँकेला नियम करायला सांगितलं. त्यानुसार १ जानेवारी २०२२ पासून आग, चोरी, दरोडा किंवा इमारत कोसळणं अशा प्रसंगी बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पट इतकी ठरली. म्हणजे वर्षाला दोन हजार भाडं असेल तर दोन लाख. आत दागिने वीस लाखांचे असोत की पन्नास. बँकेवर जबाबदारी टाकली, पण तिला मापही दिलं. मला हा न्याय पटतो. पण ज्या बँकेकडे पोलादी तिजोरी, पहारेकरी आणि वकिलांची फौज आहे, तिला माप आहे. जिल्ह्याच्या गावी एका गाळ्यात बसून दोन पोरांच्या जोरावर फिटिंग करणाऱ्याला मात्र कसलंच माप नाही. ग्राहक आयोगात त्याच्यावर पन्नास लाखांचा दावा लागला तर तो घर विकूनही फेडू शकणार नाही.

यावर पहिला उपाय आपल्याच हातात आहे, आणि तो आपण करत नाही याचं मला फार वाईट वाटतं. तो म्हणजे लेखी करार. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल हे प्रकरण आलं होतं. कुरिअरच्या पावतीवर जबाबदारीची मर्यादा शंभर डॉलर छापलेली होती आणि पाठवणाऱ्याने त्यावर सही केली होती. न्यायालयाने ती मर्यादा मानली. अमेरिकेतल्या अलार्म कंपन्यांच्या करारात तर एक वाक्य हटकून असतं : आम्ही विमा कंपनी नाही. मालाचा विमा मालकाने काढायचा, अलार्मवाल्याने यंत्र नीट बसवायचं आणि सांगितलं तेवढं चालू ठेवायचं. याचा अर्थ बेपर्वाई माफ, असा होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तू आणि सदोष सेवा यांची जबाबदारी स्पष्ट आहे, आणि ग्राहकाला नागवणारा एकतर्फी करार त्याच कायद्याखाली रद्दही होऊ शकतो. म्हणून करार दोन्ही बाजूंनी प्रामाणिक हवा. कुठली जागा झाकली, कुठली उघडी राहिली, ती ग्राहकाने का उघडी ठेवायला सांगितली, बॅटरी किती दिवसांनी बदलायची, एवढं मराठीत एका पानावर मावतं.

बॅटरीचं सांगितलंच पाहिजे. बारा व्होल्टची, सात अँपिअर-तासांची ती सीलबंद बॅटरी पंचवीस अंशांच्या खोलीत जेवढी टिकते, त्याच्या जवळपास निम्मीच पस्तीस अंशांत टिकते. आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत पॅनलच्या डब्यात दिवसा पारा पस्तीसच्या वरच असतो. त्यात लाईट जाण्याचं प्रमाण धरा. दोन उन्हाळे काढले की बॅटरी दिसायला भरलेली असते, पण लाईट गेल्यावर दहा मिनिटांत मान टाकते. चोराला हे ठाऊक असतं. तो आधी मीटरवरून लाईट तोडतो आणि मग बिडी ओढत बसतो. एएमसीचे, म्हणजे देखभालीच्या कराराचे, वर्षाला हजार-बाराशे मागितले की पार्टी म्हणते, "वाजतंय की अजून." ग्रामपंचायतींचे कॅमेरे असेच मेले. खांबावर डबा लटकलेला असतो, त्यात चिमणीचं घरटं, आणि चित्रण साठवणारा डीव्हीआर कपाटात धूळ खात.

दुसरा प्रश्न पुराव्याचा. यात मराठवाड्याचं नाव देशभर झालेलं आहे. २०१४ च्या विधानसभेला जालन्यात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचे पराभूत प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं होतं की खोतकरांचा अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर घेतला गेला. निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांत ते चित्रीत झालेलं होतं, पण त्या चित्रणाला लागणारं प्रमाणपत्र अधिकारी पुनःपुन्हा मागूनही देईनात. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ साली निवडणूक रद्द केली आणि १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हा न्यायालयाने सांगितलं की मूळ यंत्रच कोर्टात आणलं नसेल तर चित्रणाच्या प्रतीबरोबर पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र लागणारच. ज्याने मिळवण्यासाठी शक्य ते सगळं केलं आणि तरी समोरच्याने दिलं नाही, त्यालाच काय ती सवलत. देशातल्या प्रत्येक सीसीटीव्हीच्या खटल्यात आज हा जालन्याचा निकाल वाचला जातो.

१ जुलै २०२४ पासून ६५-ब च्या जागी भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ आलं. प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत : एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. फाईलचं हॅश मूल्य, म्हणजे तिच्या बोटांचे ठसे म्हणा, तेही त्यात लिहावं लागतं. आता तालुक्याच्या गावी हा तज्ज्ञ कोण? रात्री चोरी झाली, सकाळी हवालदार पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात येतात आणि म्हणतात, "फुटेज काढून द्या आणि इथे सही करा." मी अशा सह्या केलेल्या आहेत. हॅश म्हणजे काय हे मलाच पुढे कळलं. चार वर्षांनी समन्स येतं, दिवसभर कोर्टात बसायचं, वकील उलटतपासणीत विचारतात की तुमचं शिक्षण काय, डीव्हीआरचं घड्याळ सतरा मिनिटं पुढे का होतं. ते पुढे होतं कारण लाईट जाऊन आली की स्वस्तातल्या डीव्हीआरचं घड्याळ सरकतं आणि कोणी ते मिळवत नाही. एवढ्या कारणाने आरोपी सुटू शकतो. आणि मग गावात कोणाचं नाव होतं? अलार्मवाल्याचं.

म्हणून माझी मागणी आहे की या कामाला सरकारने ओळख द्यावी. नोंदणी करावी, परीक्षा घ्यावी, जबाबदारी ठरवावी आणि त्या जबाबदारीला माप द्यावं.

हे महाराष्ट्राला नवं नाही. आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ चा कायदा आपल्या राज्याचाच आहे. तो ज्या इमारतींना लागू आहे तिथे आगीची यंत्रणा परवानाधारक संस्थेनेच बसवायची, आणि दर जानेवारी व जुलैत ती चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं. वायरिंगच्या कामाला वीज ठेकेदाराचा परवाना आणि पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र लागतं. पहारेकरी पुरवणाऱ्या संस्थेला २००५ च्या केंद्रीय कायद्याने परवाना आणि पोलीस पडताळणी बंधनकारक आहे. म्हणजे दारावर उभा राहणारा नोंदलेला, भिंतीत वायर घालणारा नोंदलेला, धुराचा अलार्म लावणारा नोंदलेला. पण चोरीचा अलार्म लावणारा, ज्याला तिजोरी कुठल्या भिंतीला आहे आणि रात्री कोण घरात नसतं हे कळतं, त्याची कुठे नोंद नाही. एक शिडी, एक ड्रिल आणि मोबाईलवर पाहिलेले दोन व्हिडिओ, एवढ्यावर कोणीही हा धंदा उद्या सकाळी सुरू करू शकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या घटनेनंतर शाळांना महिनाभरात कॅमेरे बसवायचा शासन निर्णय निघाला. कॅमेरे कुठे हवेत ते सरकारने सांगितलं. मुलींच्या शाळेत शिडी लावून ते बसवणारा कोण असावा, याबद्दल मात्र कोणी काही विचारल्याचं मी पाहिलं नाही.

माझेच धंदेबंधू नाराज होतील, तरी लिहितो. आपल्यात वाईट सवयी आहेत. पार्टीच्या डीव्हीआरचा पासवर्ड आपल्या मोबाईलमध्ये तसाच राहतो. कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड बदलायचा कंटाळा केला जातो, शंभर घरांना एकच पासवर्ड. डॉक्टरच्या तपासणी खोलीचं, सासर-माहेरच्या भांडणांचं चित्र आपल्या खिशात फिरत असतं. माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुसऱ्याच्या यंत्रात परवानगीवाचून शिरणं आणि करारातून हाती आलेली माहिती फोडणं, दोन्हींना शिक्षा आहे. वीस पॅनलना स्वतःच्या नावाची सिम टाकणारेही आहेत. एका नावावर नऊच्या वर सिम नकोत असा नियम आहे, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी दंड आहे. त्या सिमचं रिचार्ज संपलं की मालकाला फोन जाणार नाही, हे तर वेगळंच.

आणि सगळ्यात भयंकर मागणी म्हणजे करंट. "अलार्म राहू द्या, शटरलाच करंट सोडा, चिकटू द्या एकदा." शेतातल्या आखाड्यावर मोटार आणि केबल चोरीला गेली की शेतकरी हेच म्हणतो. रोही आणि रानडुकरांसाठी झटका मशीन असते. तिचा झटका क्षणभराचा आणि थांबून थांबून असतो, म्हणून जनावर पळतं. काही जण मात्र तारेला थेट लाईटची फेज जोडतात. तशा तारेला चिकटून माणसं मेल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात वाचतो आपण. शटरला हात लावणारा चोरच असेल असं कोण सांगणार? पहाटे दूध घालायला आलेला पोरगा असेल, घरातलीच म्हातारी असेल. स्वसंरक्षणाचा हक्क कायदा देतो, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा त्यात नाही, आणि जोडणी करणारा हातही आरोपी होतो. मी अशा पार्टीचं बाकीचं कामसुद्धा सोडून आलेलो आहे. पण मी सोडलेलं काम दुसऱ्या कोणी केलं नसेल, असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. नोंदणी असती तर ती रद्द होण्याच्या धाकाने तरी हात आखडला असता.

परवाना आला की टेबलाखालचे पैसे आले, असं मला पुष्कळांनी ऐकवलं आहे. ही भीती खोटी नाही. आगीचा कायदा असताना ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा बाळं गेली. कागदावरच्या परवान्याने आग विझत नाही. तरीही मला वाटतं, त्या कायद्यामुळे निदान विचारता तरी येतं की प्रमाणपत्र कोणी दिलं, कधी दिलं. आमच्या धंद्यात विचारायलाच जागा नाही. शिवाय मी कारखानदाराला झेपेल असा परवाना मागत नाही. आयटीआयमध्ये तीन महिन्यांचा अभ्यासक्रम, त्यात विजेची सुरक्षितता, पासवर्डची शिस्त आणि कलम ६३ चं प्रमाणपत्र भरायला शिकवावं. पोलीस पडताळणी करावी. जिल्ह्याच्या संकेतस्थळावर नावांची यादी लावावी. फी इतकी असावी की दोन पोरांना घेऊन काम करणारा ती एका कामाच्या कमाईतून भरेल.

ब्रिटनमध्ये मान्यता असलेल्या संस्थेने प्रमाणित केलेल्या कंपनीने बसवलेल्या अलार्मलाच पोलिसांचा थेट प्रतिसाद मिळतो, आणि बारा महिन्यांत तीनदा खोटा वाजला की तो काढून घेतला जातो. टेक्सास, कॅलिफोर्निया या अमेरिकेतल्या राज्यांत अलार्मच्या धंद्याला राज्याचा परवाना लागतो. आपल्याकडे ११२ क्रमांक पॅनलमध्ये भरून ठेवणारे आहेत. सेन्सरवर पाल चढली की पोलिसांची गाडी निघते. अशा दोन-चार फेऱ्या फुकट गेल्या की खऱ्या चोरीच्या रात्रीही ती सावकाश निघणार, त्यात त्यांची चूक नाही. यादी असेल तर कोणाचं यंत्र वारंवार खोटं वाजतं हे तरी कळेल. आणि यादीतल्या माणसाला ठाण्यात बोलवायचं तर लेखी बोलवावं, प्रमाणपत्राला आणि कोर्टाच्या फेरीला मेहनताना द्यावा. तेवढा मान दिला तर आम्हीही चौकशीला स्वतःहून उभे राहू.

ते आडते दोन वर्षांनी परत आले. दुसऱ्याने लावलेलं मशीन दिवाळीतच बंद पडलं होतं. या वेळी मी आधी कागद पुढे केला, मराठीत लिहिलेलं एक पान. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, "मालाचा विमा मालकाने काढावा" या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही खोडा." मी म्हणालो, "शेठ, ती राहिली तरच घोडा लावतो." बराच वेळ ते मोंढ्यातल्या हमालांकडे बघत बसले, मग सही केली. मागच्या पत्र्याला आता कंपनाचा सेन्सर आहे, आत दोन दुहेरी सेन्सर आहेत, आणि बॅटरीवर काळ्या मार्करने बसवल्याची तारीख. कागदाची एक झेरॉक्स त्यांनी तिजोरीत ठेवली. दुसरी मी ठाण्यात घेऊन गेलो. ठाणे अंमलदारांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "ही कुठल्या फाईलला लावू?" तशी फाईल त्यांच्याकडे नव्हती. मी कागद टेबलावर ठेवला आणि निघून आलो.